मानेवरची जांभळी झाक

७ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. न जेवता निघाले म्हणून मामी तुमच्यावर रागावली असेल आणि तुम्ही माझ्यावर. डोकं दुखतंय असं मी सांगितलं, ते खोटं होतं. खरं कारण लिहिते, म्हणजे पुन्हा जेवायला बोलावताना ते तुमच्या लक्षात राहील.

हात धुवायला मागच्या अंगणात आले तेव्हा नळाखाली बादली होती. बादलीत तुमचे या वर्षीचे तरुण कोंबडे होते, पाय वर करून, एकमेकांत खुपसलेले. अंग काळंभोर, माना तांबूस. एकाचा पाय अजून हलत होता. तुम्ही शेजारी उभे राहून, आपण सगळे जेवणाआधी वापरतो त्याच साबणाने हात धूत होता आणि शीळ घालत होता. मला पाहून तुम्ही समजावलंत, की चण, म्हणजे अंगाची ठेवण, सगळ्यांची चांगली होती, पण मानेत तांबूस आलं, म्हणून निवड करावी लागते. निवड हा शब्द तुम्ही इतक्या मायेने उच्चारलात की मला शिसारी आली.

रंगाच्या कारखान्यात मीही दिवसभर हेच करते. गिऱ्हाईक नमुना पाठवतं, आम्ही त्याला रंग जुळवतो, जुळत नाही ती बॅच नापास. पण नापास झालेला डबा पाय झाडत नाही.

कपडे दोनदा धुतले. ओल्या पिसांचा वास अजून येतो. तो कपड्यांना नसून माझ्याच नाकात बसला असण्याची शक्यता आहे.

जानेवारीच्या कोंबड्यांच्या प्रदर्शनात पंचांची लेखनिक म्हणून बसायचं मी कबूल केलं होतं, बादली पाहण्याआधी. शब्द दिलाय तर येईन. पंच सांगतील ते लिहीन. कोंबड्यांना हात लावणार नाही.

मोतीबिंदूचं डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा. आणि कोंबड्यांना वाटून उरेल तेवढा लोभ इकडे येऊ द्यावा.

तुमची भाची


१५ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, उठली, आणि माझा साबण वेगळ्या डबीत काढून ठेवला. आता मी घरात अस्पृश्य आहे. तुझी आईही अशीच. दुधावर साय दिसली की पेला जसाच्या तसा परत. नाक मुरडण्याचा हा गुण तुमच्याकडे शुद्ध रक्ताचा उतरलाय, त्यात भेसळ नाही.

पण तू शिकलेली मुलगी आहेस, तर नीट समजून घे. काळकंठ ही जात आज आमच्या कोंबडीपालक मंडळातल्या मूठभर लोकांकडे उरली आहे. बाकी सगळीकडे अंड्यांच्या कारखान्यातल्या पांढऱ्या कोंबड्या. आमचे थोरले नसते तर काळकंठ केव्हाच संपली असती. थोरले म्हणजे मंडळाचे संस्थापक आणि माझे गुरू. माणूस साधा, चामड्याच्या पिशव्या-पट्ट्यांचं दुकान, पण नजर अशी की अंड्यात पिल्लू कसं बसलंय ते सांगतील. त्यांचा विजेता कोंबडा भुसा भरून मंडळाच्या सभागृहात काचेच्या पेटीत ठेवलाय. जातीचे नियम त्याच्याकडे बघून लिहिले गेले: सर्वांग काळं, अंगावर हिरवी चमक, आणि मानेवर जांभळी झाक.

हिरवी चमक सगळ्यांच्या कोंबड्यांना येते. जांभळी झाक आजवर कुणाला साधलेली नाही. मी दोनदा अगदी जवळ पोचलो होतो. त्या पेटीतल्या कोंबड्याच्या मानेचं एक पीस थोरल्यांनी मला दिलं होतं, ते दुकानात अक्षरांच्या तक्त्यावर फ्रेम करून लावलंय, तू पाहिलं आहेस. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवला की मी आधी त्याला ते पीस बघायला सांगतो. आणि आपण मात्र वर्षानुवर्षं तांबूस माना उपटतोय. कुणाच्या तरी गावठी कोंबड्याची भेसळ कधीतरी शिरली असणार. दरवर्षी मुळापासून काढतो, दरवर्षी ती पुन्हा उगवते. माझी अर्धी हयात त्यात गेली.

या वर्षी प्रदर्शनात सर्वांत वयस्कर मी. त्यामुळे परीक्षणाआधी पेटी उघडून त्या कोंबड्यावरची धूळ ब्रशने झाडायचा मान माझा. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन उन्हाळ्यानंतर. त्याआधी माझ्या खुराड्यात एकदा तरी ती जांभळी झाक या डोळ्यांनी बघायची आहे. यापलीकडे मला काही नको.

बादलीत एक कोंबडा कमी होता, हे तुला कळलं नसेल. मामीने धुण्याच्या टोपलीखाली लपवला होता. त्याला ती तपकिऱ्या म्हणते. पाठ, छाती, शेपटीची कमान, तुरा, अशी चण मी जन्मात पाहिली नाही, आणि मान गंजलेल्या पत्र्यासारखी. दैवाची थट्टा दुसरं काय. प्रदर्शनापर्यंत त्याला ठेवायचं मामीला कबूल केलंय. नंतर जागा लागते.

नाक मुरडायचं तेवढं मुरड, पण लिहीत जा.

मामा


२१ नोव्हेंबर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मामांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या पत्त्यावर पाठव.

तपकिऱ्या माझ्या मागे मागे मोरीपर्यंत येतो. मी भांडी घासते तेव्हा दारात उभा राहतो आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करतो, जणू सुपरवायझर. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी एका शब्दाने अडवलं नाही. बादली मीच विसळली. पण याच्या बाबतीत माझ्याने ते होणार नाही. आणि मामांचा हात एकदा ठरलं की थांबत नाही, हे तुला माहीत आहे.

तू रंगातली शिकलेली. याची मान काळी करता येईल असं काही पाठव. पंचांकडे ओला पांढरा रुमाल असतो, तो मानेवरून फिरवतात, त्याला लागता कामा नये. बक्षीस मिळालं तर याला कोण मारतंय? मामांना कळायचं नाही. त्यांना किती दिसतं ते मला ठाऊक आहे.

सोबत कागदात तपकिऱ्याची पिसं आहेत, मानेचं एक, शेपटीचं एक. आणि काळा नेमका कसला हवा ते तुला कळावं म्हणून दुकानातल्या फ्रेममधलं ते थोरल्यांचं पीसही पाठवते. फ्रेममध्ये मी खुराड्यात पडलेलं एक काळं पीस लावून ठेवलंय. मामा रोज तिथेच बसतात, अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही. कालच एका गिऱ्हाइकाला त्यातली जांभळी झाक दाखवत होते, आणि त्या बिचाऱ्यालाही दिसली.

जपून वापर आणि परत पाठव. अंगावर काढू नकोस, वेळेवर जेव. माया आहेच.

मामी


४ डिसेंबर

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

पिसं मिळाली. रंग पाठवणार नाही. तू माझ्याकडे हे मागावंस याचा मला राग आला, आणि त्या घरात तुझ्यापुढे दुसरा उपाय उरला नाही याची किळस. दोन्ही लिहून ठेवते, म्हणजे बाकीचं सरळ सांगता येईल.

रंग जुळवण्याआधी नमुना तपासायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. गिऱ्हाइकाचा नमुनाच मळका किंवा वरून रंगवलेला असेल तर आपण कशाला जुळवत बसणार? रंग द्यायचा नव्हता, तरी सवयीने मी थोरल्यांचं पीस तपासायला घेतलं. पाण्याने काही झालं नाही. साबणाच्या पाण्यानेही नाही. मग कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पिसाच्या टोकाकडून हलकेच ओढलं. बोळा काळा झाला. तसाच दुसरा, तिसरा. अर्ध्यावर आल्यावर मी थांबले.

ते पीस आता अर्धं काळं आणि अर्धं तांबूस आहे. तांबूस भाग तपकिऱ्याच्या मानेच्या पिसाशेजारी ठेवून यंत्रावर मोजला. एकाच कोंबड्याच्या दोन पिसांत असतो तेवढासुद्धा फरक नाही.

हा काळा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. चामड्याला हाच लावतात. ओल्या रुमालाला तो कधीच लागला नसता, आणि लावणाऱ्याला ते माहीत होतं. जांभळ्या झाकेचंही सांगते. हा रंग गरजेपेक्षा जाड बसला की वरच्या थराला जांभळी चमक येते. आमच्या गोदामात त्याची पिंपं आहेत. झाकणांवर सांडून वाळलेल्या प्रत्येक थेंबावर मामांची जांभळी झाक आहे. मी ती रोज फडक्याने पुसते.

म्हणजे पेटीतला कोंबडा तपकिऱ्यासारखाच होता. तांबूस मान ही भेसळ नव्हे. ती या जातीची मान आहे, म्हणून ती दरवर्षी परत येते. मंडळातले सगळे लोक एका रंगवलेल्या कोंबड्याकडे बघून खऱ्यांच्या माना पिरगाळत आलेत.

मला किळस आली ती रंगाची नाही. रंग लावणं हा माझाच धंदा आहे. नमुना कुणीही, एकदाही, तपासला नाही याची आली.

हे मी मामांना आजच लिहिते आहे. पीस तू पाठवलंस हे त्यात सांगावं लागेल. तुझ्यावर ओरडतील. ओरडू देत. तपकिऱ्याला तेवढा टोपलीजवळच ठेव.

तुझी भाची


१२ डिसेंबर

चि. भाचीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सोबतच्या फोटोत पिसाची अवस्था पाहिली.

तुझ्या औषधांनी काळ्याचं तांबडं झालं आणि त्याचं खापर तू एका मेलेल्या माणसावर फोडते आहेस. स्पिरिटने काय जळत नाही? थोरल्यांनी मला हाताला धरून शिकवलं. तुझ्या वयात मी त्यांच्या खुराड्यातली विष्ठा काढत होतो आणि त्यात धन्यता मानत होतो. त्यांच्यावर बोट ठेवायला तुझी प्रयोगशाळा पुरेशी नाही.

मामीशी मी बोलत नाही. ती माझ्याशी बोलते आहे, त्याला इलाज नाही.

लेखनिक म्हणून येण्याची गरज नाही. दुसरं कुणी मिळेल.

मामा


१७ डिसेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

स्पिरिटने काळं पीस तांबडं होतं का, हा प्रश्न रास्त आहे. तो मलाही पडला होता, म्हणून तपकिऱ्याच्या शेपटीचं काळं पीस त्याच बोळ्याने, त्याच बाटलीतून, तेवढाच वेळ पुसलं. ते काळंच राहिलं. हिरवी चमकही गेली नाही. ते पीस सोबत ठेवलं आहे.

एक छोटी बाटलीही ठेवली आहे. तुमच्या खुराड्यातलं कुठलंही काळं पीस घ्या आणि स्वतः पुसून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. विश्वास ठेवण्यानेच इथवर आलं आहे. नको असेल तर बाटली फेकून द्या, फक्त विस्तवाजवळ नको.

लेखनिक म्हणून मी येणार. शब्द तुम्हाला दिला असला तरी नाव मंडळाला कळवलं आहे.

थंडी वाढली आहे. रागातसुद्धा मफलर वापरावा, आणि राग ओसरला की पूर्वीइतका नाही तरी थोडा लोभ असू द्यावा.

तुमची भाची


२२ जानेवारी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

प्रदर्शनाहून मामा परत आले, पेटारा खाली ठेवला, झालं म्हणाले आणि झोपले. चार दिवस झाले, त्यापुढे अक्षर नाही. आधी महिनाभर माझ्याशी अबोला होता, तो निदान माझ्याशी तरी होता. आता कुणाशीच नाही. दुकानात बसतात, पण चष्म्याच्या काचा घासून घासून पातळ करतात. गिऱ्हाईक परत जातं.

एवढंच सांगते. तुझी बाटली त्यांनी फेकली नव्हती. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मी त्यांना अंगणात पाहिलं. एक एक काळं पीस पुसत होते, आणि बोळा उजेडात धरून बघत होते. मला वाटतं बोळा काळा व्हावा म्हणून पुसत होते. होत नव्हता. मग मला विचारलं, की थोरल्यांची नखं कशी होती ते तुला आठवतं का. मी म्हटलं काळी असायची, चामड्याच्या कामामुळे. त्यावर म्हणाले की मलाही तसंच वाटायचं.

गुडघ्यामुळे मला येता आलं नाही. काय झालं ते सविस्तर लिही. काही गाळू नकोस.

तपकिऱ्या परत आलाय. त्याच्या पिंजऱ्याची चिठ्ठी मामांनी खिशातच ठेवली आहे, मला दाखवत नाहीत.

मामी


२७ जानेवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

गाळत नाही.

सभागृह म्हणजे पत्र्याचं लांब गोदाम. दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, खाली भुसा, मध्ये चालायला वाट. वास तुला माहीत आहे, तो तिथल्या लोकांच्या संख्येने गुणून घे. माणसं पिंजऱ्यांत खांद्यापर्यंत हात घालून बसली होती. एक जण दात घासायच्या ब्रशने कोंबड्याचे पाय घासत होता. दुसरा अंगठ्यावर थुंकून तुरा चमकवत होता, आणि तोच अंगठा कपाला लावून चहा पीत होता. तिसऱ्याने इकडेतिकडे बघून पंखातलं एक पांढरं पीस उपटलं आणि खिशात घातलं. मी पाहिलं हे त्याने पाहिलं, आणि डोळा मारला.

अध्यक्ष म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव. त्यांनी वडिलांवर भाषण केलं. शुद्धता हा शब्द इतक्यांदा आला की मी खाली बघत राहिले. मग पेटी उघडली आणि मामांच्या हातात मऊ ब्रश दिला.

मामांनी ब्रश घेतला, टेबलावर ठेवला, आणि कोटाच्या खिशातून माझी बाटली काढली. अध्यक्षांना त्यांनी विचारलं की मान पुसू का. अध्यक्षांना वाटलं धूळ पुसायची आहे. ते हसून म्हणाले, मान तर तुमचाच आहे. मामांनी कापूस भिजवला आणि त्या कोंबड्याच्या गळ्यावरून वरपासून खालपर्यंत एकदाच ओढला. मग कापूस उलटा करून सगळ्यांना दिसेल असा धरला. मानेवर बोटभर रुंदीचा तांबूस पट्टा उमटला होता, तपकिऱ्याच्या मानेचा रंग.

मामी, त्या वेळी मला वाटलं होतं की आता कुणीतरी काहीतरी बोलेल. बोललेही. एकाने विचारलं की नुकसान कोण भरून देणार. दुसऱ्याने सुचवलं की पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवावी, म्हणजे पाहुण्यांना दिसणार नाही. अध्यक्ष म्हणाले की वयोमानाने रंग सुटतो, सगळ्यांचाच सुटतो, आणि लोक हसले. हायसं वाटल्यासारखे हसले. कापूस कुणी हातात घेऊन बघितला नाही. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी बादली आहे. मला त्यांच्या चेहऱ्यांकडे बघवेना.

मामांनी बाटलीला बूच लावलं आणि तपकिऱ्याच्या पिंजऱ्याशेजारी जाऊन उभे राहिले.

परीक्षण ठरल्या वेळी सुरू झालं. मी पंचांच्या मागे वही घेऊन. ते तपकिऱ्याशी आले, त्याला हातात घेतलं, पाठ चाचपली, छाती पाहिली, आणि मला लिहायला सांगितलं की चण सर्वोत्तम, या सभागृहात पूर्वी पाहिली नाही. मग ओला रुमाल मानेवरून फिरवला. रुमाल स्वच्छ निघाला. ते म्हणाले की रंग खरा आहे, म्हणजे मान खरंच तांबूस आहे, म्हणून अपात्र. मी विचारलं, हे असंच लिहू का. बोलतो तसं लिही म्हणाले. तुला मामा दाखवत नाहीत ती चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे: चण सर्वोत्तम. रंग खरा. अपात्र.

मी आणखी विचारलं, की पेटीतल्या कोंबड्यालाही हाच शेरा लिहायचा का. ते म्हणाले, तो स्पर्धेत नाही.

पहिला क्रमांक अध्यक्षांच्या कोंबड्याला. मानेवर जांभळी झाक आहे असं पंच स्वतः म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मी पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर होते. आमच्या रंगाच्या गोदामाचा वास मला झोपेतही ओळखता येईल. मी मामांकडे पाहिलं. त्यांनाही तो आला होता. पंचांना मी सुचवलं की बाटली इथेच आहे, एकदा फिरवा. त्यांनी सांगितलं की नियमात फक्त ओला रुमाल आहे.

अपात्र कोंबडे बाहेर काढणाऱ्या माणसाने तपकिऱ्याला पाय धरून उलटा उचलला. मी वही खाली ठेवली आणि त्याच्या हातातून त्याला काढून घेतलं. कसं धरायचं ते मला माहीत नव्हतं. तो खूप गरम होता, आणि अपेक्षेपेक्षा हलका. माझ्या बाहीवर त्याने लगेच घाण केली. मामा म्हणाले की एक हात छातीखाली ठेव. परतीच्या बसपर्यंत ते एवढंच बोलले.

त्यांना बोलतं करायचा प्रयत्न करू नकोस. फक्त बादली कुठे असते ते बघ.

गुडघ्याला शेक देत जा. तुझी माया मला न मागता मिळते, तशीच मिळू दे.

तुझी भाची


३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मंडळ सोडल्याचं मामीकडून कळलं. अभिनंदन म्हणावं की वाईट वाटलं म्हणावं ते ठरत नाही, म्हणून नुसतं कळलं असं लिहिते.

प्रदर्शनानंतर मला प्रयोगशाळेच्या पत्त्यावर तुमच्या मंडळाच्या तीन सभासदांची पत्रं आली आहेत. पहिलं उघडताना मला वाटलं कुणाला तरी आपल्याकडचं पीस तपासून हवं असेल. तिघांनीही एकच विचारलंय: काचेत इतकी वर्षं टिकला तो रंग नेमका कोणता, आणि तो किरकोळीत कुठे मिळेल. एकाने सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट जोडलंय. एकाने लिहिलंय की तुमच्यासारखी तज्ज्ञ मुलगी आमच्या क्षेत्रात आली याचा अभिमान वाटतो. त्याचं अक्षर सुंदर आहे. पत्र वाचून मी हात धुतले.

चौथं अध्यक्षांचं आहे. पेटीतल्या कोंबड्याच्या मानेची दुरुस्ती त्यांनी घरच्या घरी केली, पण झाक पूर्वीसारखी जमली नाही, तरी मार्गदर्शन व्हावं.

चौघांनाही मी तुमच्या थोरल्यांच्या पिसाचा अर्धा काळा, अर्धा तांबूस फोटो पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. त्यांना तो रंगाचा नमुना वाटेल, याची मला खात्री आहे.

मूळ पीस परत पाठवते आहे. फ्रेममध्ये लावा किंवा लावू नका.

ऑपरेशनच्या वेळी मी रजा घेऊन येते. लोभ आता माझ्याकडूनही आहे, असं समजावं.

तुमची भाची


१० ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

डोळा स्वच्छ झाला. तू गेल्यावर पट्टी निघाली आणि पहिल्यांदा दुकानात जाऊन बसलो. समोर फ्रेम. अर्धं पुसलेलं पीस इतकं लख्ख दिसलं की उठून दुसऱ्या खुर्चीवर बसलो. काढलं नाही. गिऱ्हाइकं विचारतात हे काय, मी अक्षरं वाचायला सांगतो.

स्वच्छ दिसू लागण्याचा एक तोटा तू सांगितला नव्हतास. मला जुने कोंबडे दिसतात. नुसते बादलीतले नाहीत, एकेक करून. एकाची छाती कशी होती, एक कसा चालायचा. हातात घेताना मी चण नीट बघून घ्यायचो, कारण मला चण फार आवडायची. मग मान बघायचो. रात्रीचं जेवण आता जात नाही. मामी म्हणते, इतकी वर्षं कसं जात होतं?

तपकिऱ्याची पिल्लं मोठी झाली. मामीची खुडूक कोंबडी हलली नाही, एकूण एक अंडं उबवलं. आता माना भरल्यात. जवळजवळ सगळ्या तांबूस. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडतं तेव्हा तांब्याची भांडी घासून मांडल्यासारखं अंगण दिसतं. हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. इतके दिवस यांना जगूच दिलं नव्हतं.

आता जे झालं ते सांगतो. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

काल खुराड्यात शिरलो. एक कोंबडा वेगळा निघालाय. मान पूर्ण काळी, एक तांबूस पीस नाही. ज्याच्यासाठी मी जन्म घालवला, तसा. त्याला उचललं, छातीखाली हात ठेवला, चण पाहिली, मान पाहिली, आणि मनात आलं की हा या जातीचा नव्हे, हा यांच्यात मिसळायला नको. मोजपट्टी, माझा उजवा हात त्याच्या मानेकडे गेला. मी नेला नाही, तो गेला. अंगठा जिथे ठेवायचा तिथे बरोबर बसला. मी शीळही घालत होतो.

मामी दारात उभी होती. खाली बघितलं, तर नळाखाली बादली नव्हती. तिची मामीने केव्हाच कुंडी केली आहे, त्यात काहीतरी लावलंय.

मी त्याला खाली ठेवलं. तो अंग झाडून बाकीच्यांत गेला. मी तिथेच उभा राहून हात धुतले, पुन्हा धुतले. वास जात नाही. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस ते खरं आहे, तो हाताला नसतो.

आता नियम लिहू नकोस, नमुना पाठवू नकोस, मला कशाकडे बघायचं तेही सांगू नकोस. तू नुसती ये. मी खुराड्यात जातो तेव्हा माझ्याबरोबर आत चल. घाण आहे, तुला आवडणार नाही. तरी चल.

साबण मामीने अजून वेगळाच ठेवला आहे. तो तसाच राहू दे असं मीच सांगितलंय.

तुझा
मामा